वास्तव्याची वर्षे मोजायची कशी?

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन अटी एकाच कलमात आहेत: जन्मतः नागरिकत्व, वयाची 35 वर्षे पूर्ण आणि देशात 14 वर्षांचे वास्तव्य. पहिल्या अटीवरून रणे माजतात, पण तिसरीचा कुणी फारसा विचारही करत नाही. मला मात्र तीच सर्वांत नाजूक वाटते, कारण जन्म आणि वय कागदावर दाखवता येते. माणूस एखाद्या देशात 'राहत होता' म्हणजे नेमके काय, हे ठरवताना कायद्याचीही दमछाक होते.

त्या कलमात 'सलग' हा शब्द नाही. तो असता, तर राजदूत म्हणून सुमारे दहा वर्षे युरोपात काढून 1788 मध्ये परतलेले जॉन ॲडम्स 1797 मध्ये राष्ट्राध्यक्ष होऊ शकले नसते आणि 1789 च्या अखेरीस फ्रान्सहून आलेले जेफरसन 1801 मध्ये अपात्र ठरले असते. मुळात वॉशिंग्टन यांनी एप्रिल 1789 मध्ये शपथ घेतली, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यालाच 13 वर्षे पूर्ण झाली नव्हती! पुढे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी 1833 च्या आपल्या भाष्यात लिहिले की वास्तव्य म्हणजे त्या सगळ्या काळात देशाबाहेर पाऊल न टाकणे नव्हे, तर कायमचे घर त्या देशात असणे. खाण अभियंता म्हणून अनेक वर्षे परदेशात राहून 1917 मध्ये परतलेल्या हर्बर्ट हूवर यांच्याविषयी 1928 मध्ये हीच शंका निघाली, तरीही ते निवडून आले आणि पदावर बसले. स्टोरींचा हा अर्थ मला मनापासून पटतो.

अटीच्या मागचा हेतू रास्त आहे, हे मी नाकारत नाही. ज्या देशाचा कारभार हाती घ्यायचा, तिथल्या लोकांत काही काळ राहिलेले असावे, ही अपेक्षा चुकीची नाही. पण आकडा फुगवला आणि वर्षे निवडणुकीच्या लगतचीच हवीत असे म्हटले, की हेतू बदलतो. बेलारूसने 2022 मध्ये घटना बदलून निवडणुकीपूर्वीची किमान 20 वर्षे देशातच कायम वास्तव्य हवे, अशी तरतूद केली. 2020 च्या निवडणुकीनंतर ज्या विरोधकांना देश सोडावा लागला, ते उद्या परतले तरी त्यांचे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होणार. आधी माणसाला परागंदा व्हायला लावायचे आणि मग तो इथे राहत नव्हता म्हणून त्याला अपात्र ठरवायचे, हा उघड अन्याय आहे. रशियानेही 2020 मध्ये ही मुदत 10 वरून 25 वर्षांवर नेली.

फिलिपाईन्समध्ये निवडणुकीच्या लगतची 10 वर्षे मोजतात. तिथल्या राजकीय नेत्या ग्रेस पो अमेरिकेहून मे 2005 मध्ये परतल्या. 2012 मध्ये सिनेटच्या उमेदवारी अर्जातील, मे 2013 च्या निवडणुकीपर्यंतच्या वास्तव्याच्या रकान्यात त्यांनी '6 वर्षे 6 महिने' लिहिले. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या अर्जात '10 वर्षे 11 महिने' लिहिले. पहिला आकडा धरला तर मे 2016 पर्यंत सहा महिने कमी पडत होते. ती चूक प्रामाणिकपणे झाली, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक आयोगाने अर्ज रद्द केला. मार्च 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 9 विरुद्ध 6 मतांनी तो पुन्हा ग्राह्य धरला. मुले तिथल्या शाळेत कधी घातली, घर कधी घेतले, अमेरिकेतले कधी विकले, अशा बाबींचा त्यात कीस पडला. मला हे मोजमाप रकान्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी खरे वाटते. अटीतटीच्या प्रसंगी न्यायालयाने संशयाचा फायदा उमेदवाराला द्यावा, कारण त्यानंतरही मतदारांचा निवाडा उरतोच. मे 2016 मध्ये तो झाला आणि पो तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या.