हॉवर्ड यांचा पराभव: कारण केवळ कंटाळा नव्हे

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना घरी बसवले ते अकरा वर्षांच्या राजवटीला कंटाळून, हे त्यांच्या पराभवावरील लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. कंटाळा होताच, परंतु १९९६ पासून सलग चार निवडणुकांत त्यांना साथ देणाऱ्या कष्टकरी मतदारांपैकी अनेकजण दुरावले ते ‘वर्कचॉइसेस’ या कामगार कायद्यामुळे. २००४ च्या विजयानंतर सिनेटमध्येही (संसदेच्या वरिष्ठ सभागृहातही) बहुमत हाती आल्याने अडवणारे कोणी उरले नाही, आणि ज्याची प्रचारात फारशी वाच्यताही झाली नव्हती असा हा कायदा संमत होऊन, शंभरपर्यंत कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्यांपासून मोकळीक मिळाली. त्यात भर म्हणजे, व्याजदर आटोक्यात ठेवण्याची भाषा करणाऱ्या पंतप्रधानांच्या ऐन प्रचारात ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने दर वाढवला.

हॉवर्ड यांनी १९७४ पासून राखलेली बेनेलाँग या मतदारसंघाची जागाही पत्रकार मॅक्सीन मॅक्यू यांनी हिसकावली. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात; पहिल्या पसंतीच्या मतांत हॉवर्ड किंचित पुढे होते. बाद झालेल्या उमेदवारांची पुढील पसंतीची मते वाटली गेल्यावर चित्र पालटले. (आपल्यासारखी मोजणी असती, तर ते बहुधा तरले असते.) पदावर असताना स्वतःची जागा गमावणारे त्यांच्याआधीचे एकमेव पंतप्रधान म्हणजे १९२९ मधील स्टॅनली ब्रूस, आणि त्यांनाही भोवला होता तो कामगार लवादाचाच (कामगार-मालक तंटे सोडवणाऱ्या यंत्रणेचा) प्रश्न. लेखात या साम्याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.