वर्दीतल्या माणसाला विचारून काय कळतं? वास्कोच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

नौदलात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलं, देव बरें करूं. तुमचा आक्षेप असा की वर्दीतला माणूस प्रश्नावलीत वरिष्ठांना रुचेल तेच लिहितो, त्यामुळे अमेरिकी सैन्यातली वर्णद्वेषाची मोजमापं म्हणजे नुसतं कागद रंगवणं. आणि गोव्यात बसून त्याची चर्चा कशाला, हेही तुम्ही विचारलंत.

१९४५ मध्ये युरोपात अमेरिकी पायदळ कमी पडलं, तेव्हा कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या प्लॅटून, म्हणजे लहान तुकड्या, गोऱ्या कंपन्यांना जोडल्या गेल्या. (काही प्लॅटून मिळून कंपनी, काही कंपन्या मिळून रेजिमेंट, काही रेजिमेंटा मिळून डिव्हिजन.) ही व्यवस्था आपल्या तुकडीत आली तर कसं वाटेल, असं गोऱ्या सैनिकांना सैन्याच्याच संशोधन शाखेने विचारलं. अशा प्लॅटून जिथे नव्हत्याच, तिथल्या ६२ टक्के जणांनी ‘अजिबात आवडणार नाही’ असं सांगितलं. हेच उत्तर त्याच डिव्हिजनमधल्या इतर रेजिमेंटांत २४ टक्क्यांनी, त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या कंपन्यांत २० टक्क्यांनी दिलं. प्रत्यक्ष त्याच कंपनीत, खांद्याला खांदा लावून लढलेल्यांत फक्त ७ टक्क्यांनी! सगळेच वरिष्ठांसाठी लिहीत असते, तर आकडे असे पायरीपायरीने उतरले नसते. या कंपन्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या नव्हत्या आणि कृष्णवर्णीय जवान स्वतःहून पुढे आले होते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं; सगळा फरक सहवासाचाच, असं म्हणता येत नाही. युद्ध संपताच त्या प्लॅटून मोडल्या. सैन्यात गोऱ्या-कृष्णवर्णीयांच्या एकत्रीकरणाचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ मध्ये आला.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुढे द्वेष उघड बोलणं अवघड झालं. म्हणूनच सत्तरच्या दशकातल्या सर्वेक्षणांत ‘तुमच्या मनात काय आहे’ यासोबत ‘तुम्हाला काय दिसतं’ हेही विचारलं जाऊ लागलं: बढतीत, शिक्षेत भेदभाव होतो का? एकाच सैन्यात कृष्णवर्णीयांना तो ठळक दिसत होता, गोऱ्यांना कितीतरी कमी. मला ही तफावत सगळ्यात मोलाची वाटते. ती कळायला कुणी मनातला द्वेष कबूल करावा लागत नाही.

आता गोव्याचं. २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा नायजेरियन लोकांबद्दल आपल्याकडे काय काय बोललं गेलं ते तुम्हीही ऐकलं असेल. हणजुणे-शिवोलीतले घरमालक आणि त्यांच्याकडे खोली मागायला येणारे आफ्रिकी, दोघांनाही वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारायला हवा: खोली नाकारताना रंग बघितला जातो का?