चंद्रतालला निघालात? मग एवढं कराच!

आपण नागपूरकर. मे महिन्यात ४७ डिग्रीत कूलरमध्ये पाणी भरणारे. आपल्याला हिमाचल काय करणार? तेव्हा तयारीचा बाऊ करू नका. एका रविवारी सेमिनरी हिल्स चढून या, उतरल्यावर तर्री-पोहे दोन प्लेट. झाला सराव.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, हिमाचलातलं चंद्रताल तळं ४,३०० च्या आसपास. हे आकडे घरच्या ग्रुपवर टाकू नका, आई उगाच उपास धरते. ट्रेकवाले हामटा खिंडीतून चार-पाच दिवस चालत जातात. एवढी रजा कोणाला आहे? तुम्ही पहाटे मनालीत गाडीत बसा, संध्याकाळी तळ्याशी. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तर तर्री खाऊ नका असंही म्हणतात.

वाटेत इतवारीतून घेतलेल्या चिवड्याच्या पाकिटावर नजर ठेवा. तळ्याच्या अलीकडच्या बातलला पोचेपर्यंत ते उशीसारखं टम्म फुगतं, इतकं की वरची अक्षरं ताणली जातात. हवा विरळ झाल्याची ती खूण. पाकीट फोडा, खा, विसरा. कपाळात ठणकलं, मळमळलं, तर दोष मनालीच्या पराठ्याचा. रात्री भात बोटचेपा लागला की आचाऱ्याला झापा. पाणी तिथं ८६ डिग्रीच्या आसपासच उकळतं, ही त्याची सबब ऐकून घेऊ नका.

तळं २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. काठावर तंबू ठोकू देत नाहीत, मुक्कामावरून पुढं जावं लागतं. ब्लूटूथ स्पीकर मात्र न्याच. आपल्या फुटाळा तलावावर चालतो, तिथं काऊन नाही?

रात्री झोप लागणार नाही. ड्रायव्हर म्हणेल, ‘साहब, नीचे चलो.’ त्याचं काय ऐकायचं? तो बिचारा सीझनभर इथंच असतो, आपण गूगलवर वाचून आलोय. बसल्या बसल्या धाप लागली तरी ‘आपलं रक्त सावजीचं आहे’ एवढंच म्हणा.

आणि उजाडताच दोघांनी बखोटीला धरून गाडीत कोंबलंच, तर खाली उतरता उतरता डोकं हलकं होईल. तळं राहील ते राहील. परत आल्यावर पानठेल्यावर सांगा, ‘तिथलं पाणी बाधलं ना बे.’ फोटो फुटाळ्याचा टाका. संध्याकाळचा, जरासा निळा करून.