टीएसएच ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी तोडू नका

‘पिट्युटरीच्या पेशंटनी वाचाच’ अशा मथळ्याचा एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी, थायरॉइडसारख्या बाकी ग्रंथींना हुकूम देणारी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) रक्ताच्या तपासणीत नॉर्मल आला की थायरॉइडची गोळी अर्धी करा, स्टेरॉइड सोडून ज्येष्ठमधाचा काढा घ्या, ताप आला तर स्टेरॉइड लगेच थांबवा, भरपूर पाणी पिऊन शरीर साफ ठेवा, आणि एकदा डोस बसला की तपासण्यांच्या फेऱ्यात पडू नका.

मी औषधाच्या दुकानात बसतो. ‘थायरॉइडची शंभर मायक्रोग्रॅमची बाटली नको, पन्नासची द्या’ असं गिऱ्हाईक म्हणालं आणि ‘डोस कोणी कमी केला?’ असं विचारलं, की चिठ्ठीऐवजी मोबाइल पुढे येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी टीएसएच. ज्याची थायरॉइड ग्रंथीच मंद झाली आहे त्याच्यासाठी ही तपासणी उत्तम. पण टीएसएच तयार कुठे होतो? पिट्युटरीत. तीच बिघडलेली असेल तर तो आकडा कमी येईल, नॉर्मल येईल, क्वचित थोडा जास्तही येईल, आणि तिन्ही वेळा थायरॉइडचं हार्मोन कमीच असू शकतं. हुकूम काढणारा साहेबच आजारी असताना त्याच्या सहीवर ऑफिस कसं चाललंय ते ठरवण्यासारखं आहे हे. अशा पेशंटचा डोस फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) बघून ठरतो. तो नॉर्मल पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात असावा असं साधारण धरतात, आणि रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गंमत म्हणजे डोस बरोबर बसला की यातल्या बऱ्याच जणांचा टीएसएच अगदी तळाला जातो. रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘लो’ छापून येतं, घरचे घाबरतात, कधी कधी नवा डॉक्टरही चकतो आणि चांगला चाललेला डोस कापला जातो. लॅबच्या फॉर्मवर ‘पिट्युटरीचा आजार’ एवढे दोन शब्द लिहिले तरी बराच घोळ टळतो.

याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण जिवावर बेतू शकते. कॉर्टिसॉल म्हणजे पिट्युटरीच्या हुकमावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत बनणारं, आजारपणाचा ताण झेलणारं हार्मोन; स्टेरॉइडची गोळी त्याच्याच जागी देतात. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड सुरू करतात, मग थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर खर्च करतं आणि पेशंट कोसळू शकतो.

दुसरा मुद्दा, ‘स्टेरॉइड म्हणजे विष’. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी मोठ्या डोसात महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरं आहे. इथे मात्र शरीर स्वतः रोज जेवढं बनवतं साधारण तेवढंच बाहेरून देतात: हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम, त्यातला मोठा हिस्सा उठल्याउठल्या, उरलेला दुपारी आणि संध्याकाळच्या आत. किंवा प्रेडनिसोलोन 3 ते 5 मिलिग्रॅम. ज्येष्ठमध याची जागा घेत नाही. तो कॉर्टिसॉल तयार करत नाही. आहे त्याचं मूत्रपिंडात निष्क्रिय होणं रोखतो. त्यामुळे रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर काहींची ग्रंथी सावरते आणि गोळी सुटतेही. पण ते सकाळच्या कॉर्टिसॉलच्या तपासणीवर ठरतं, ‘आता बरं वाटतंय’ यावर नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक. ताप आला की निरोगी माणसाचं शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं. या पेशंटचं वाढत नाही, म्हणून गोळ्या वाढवाव्या लागतात: ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर दुप्पट, 102च्या वर तिप्पट, ताप उतरला की पुन्हा नेहमीचा डोस. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळी पोटात टिकतच नाही; मग 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. हे औषध पांढऱ्या भुकटीच्या छोट्या बाटलीत येतं, पाणी घालून विरघळवून मांडीत देता येतं. घरातल्या एकाने तरी ते शिकून ठेवावं. ज्यांना हे लागतं त्यांच्यापैकी किती थोड्यांच्या फ्रीजवर किंवा पाकिटात तशी चिठ्ठी असते, ते बघून मला दर वेळी नवल वाटतं.

आणि हे फक्त मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं की पिट्युटरी सुकते, हे हॅरॉल्ड शीहान यांनी 1937 मध्ये मांडलं. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, आणि ‘अंगात शक्तीच नाही’ म्हणत ती वर्षानुवर्षं टॉनिक पीत राहते. घोणस चावून वाचलेल्यांमध्येही काहींची पिट्युटरी अशीच निकामी होते, कधी कधी बऱ्याच काळानंतर लक्षात येते. कोकणात, घाटावर शेतात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथीच बिघडल्या तर दिसतं तसं इथे दिसत नाही: त्वचा काळवंडत नाही, पोटॅशियमही बहुधा ठीक असतं, त्यामुळे निदान हुकतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. ज्यांना सारखी लघवी होते म्हणून डेस्मोप्रेसिन चालू आहे, त्यांनी ‘दिवसाला चार लिटर’ वगैरे अजिबात करू नये. औषध पाणी शरीरात अडवतं. वरून पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पडतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो, फिट येऊ शकते. तहानेपुरतंच प्यावं.

राहिला ‘एकदा बसलेला डोस’. तो बसून राहत नाही. इस्ट्रोजेनच्या (बायकांच्या हार्मोनच्या) गोळ्या सुरू झाल्या की थायरॉक्सिन जास्त लागू शकतं. ग्रोथ हार्मोन सुरू केलं की झाकलेली कॉर्टिसॉलची कमतरता उघडी पडते. गरोदरपणात गणित पुन्हा मांडावं लागतं. आणि आपल्याकडे सर्रास घडणारी गोष्ट म्हणजे क्षयाचे उपचार: त्यातलं रिफाम्पिसिन स्टेरॉइड शरीरातून झपाट्याने संपवतं, म्हणजे कालपर्यंत पुरणारा डोस आज अपुरा पडतो. क्षयाचा कोर्स लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पिट्युटरीची फाइल पहिल्याच दिवशी दाखवा, आणि कोर्स संपल्यावर वाढवलेला डोस पुन्हा उतरवायचा आहे हेही त्याच फाइलवर लिहून घ्या.