आपल्याकडं आहेच काय चोरायला?

१९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप काढणारी एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि तेव्हाचे शेअर न विकता पेटीत ठेवून दिलेली घरं लोक आजही बोट करून दाखवतात. सांगायचं एवढंच की कॉम्प्युटर हा विषय आपल्याच मातीतला आहे, त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेला भाचा दिवाळीला येऊन "मामा, टू स्टेप व्हेरिफिकेशन लावून घ्या" (म्हणजे पासवर्डच्या वर आणखी एक कुलूप) म्हणायला लागला तर आधी त्याला शेवभाजी वाढा आणि मग गप्प करा. गप्प करायला एकच वाक्य पुरतं, धुळे-अमळनेरकडे ते सगळ्यांना पाठ आहे: "आपलाजोडे चोराले शे काय भो?"

खरंच आहे ना. विहिरीवरची केबल चोरीला जाते म्हणून स्टार्टरच्या पेटीला कुलूप, कुलपाला साखळी, वर रात्री बॅटरी घेऊन एक चक्कर. मोबाईलमध्ये तसं काय आहे? बँक आहे, आधार आहे, सातबारा आहे, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी आहे आणि दोन-चारशे नातेवाईकांचे नंबर आहेत. हे काय कोणी पोत्यात भरून नेणार आहे का?

तर सुरुवात पासवर्डपासून करू. बिनधास्त १२३४५६ ठेवा. ऐरागैरा पासवर्ड समजू नका, २००९ साली रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले (कंपनीने ते जसेच्या तसे, साध्या अक्षरात ठेवले होते, म्हणजे मनाने ती कंपनी आपल्यातलीच), त्या ढिगाऱ्यात पहिला नंबर ह्याचाच होता आणि त्यानंतरही दरवर्षी हा पठ्ठ्या यादीत वरच असतो. एखादी वेबसाईट फारच नखरे करायला लागली, कॅपिटल पाहिजे, चिन्ह पाहिजे, तर पोराचं नाव, ॲट, १२३. बँकेला तोच, फेसबुकला तोच, बियाण्याच्या ॲपलाही तोच. ऑफिसात दर तीन महिन्याला बदलायला लावत असतील तर शेवटच्या एकचा दोन करायचा. असं जबरदस्तीने बदलायला लावलं की लोक हेच करतात, त्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवू द्या आणि गळती झाली तरच बदलायला लावा, असं अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच लिहून ठेवलंय, पण ते पत्र अजून आपल्या साहेबांच्या टेबलावर पोचलेलं दिसत नाही.

आणि लक्षात ठेवायची कटकटच नको असेल तर गावातल्या सेवा केंद्रावाल्याकडे देऊन टाका. तुमचा जीमेल त्यानेच काढलाय, रिकव्हरीला नंबर त्याचाच आहे, पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि साल, आणि हे सगळं एका लांब वहीत लिहिलेलं आहे, जी वही काउंटरवर उघडी असते आणि तिच्यावर चहाचा कप असतो. पीएम किसानची केवायसी, पीक विमा, महाडीबीटी, सगळं तिथंच. केळीच्या चिकाने आंगठा काळा झालेला, मशीन घेत नाही. "आबा, पुसा. परत ठेवा. नई आला. थोडा दाबून. आता दुसरा ठेवा." आबा ठेवतात. आंगठा चार वेळा का लागला, स्क्रीनवर केवायसी होती की पैसे काढायचं पान होतं, हे विचारायचं नाही, कारण आधारवरून पैसे काढताना ना ओटीपी लागतो ना पिन, फक्त आधार नंबर, बँकेचं नाव आणि आंगठा. आधारच्या ॲपमध्ये हा आंगठा लॉक करून ठेवायची सोय आहे आणि फुकट आहे, पण तिकडे अजिबात जाऊ नका, पुढच्या खेपेला परत उघडायला दोन मिनिटं जातात आणि मागे रांग असते. (बहुतेक केंद्रवाले सरळ माणसं आहेत हो, अर्ध्या गावाच्या योजना त्यांच्याच जिवावर चालतात. पण वही तर वही आहे, ती कोणीही वाचतो.)

आता लग्नसराई. एप्रिल-मे, भुसावळात पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि दिवसाला तीन पत्रिका व्हॉट्सॲपवर. त्यातली एक येते पाव्हण्याच्याच नंबरवरून, नाव "लग्नपत्रिका", वर गणपतीचं चित्र, आणि नावाच्या शेवटी एपीके. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे आख्खं ॲप, हा बारीक फरक काढत बसणारा माणूस लग्नात पंगतीला उशिरा पोचतो. तुम्ही दाबा. फोन विचारेल, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, परवानगी देऊ का? द्या. परत विचारेल, हे घातक असू शकतं. फोनला काय माहीत, पाव्हणा तुमचा आहे. खाली बारीक अक्षरात "तरीही इन्स्टॉल करा" असं असतं ते शोधून काढा, चष्मा लागला तर लावा. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागेल. पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला लागतात हा प्रश्न मनात आला तर तो आलाय तसा जाऊ द्या. पुढचं काही तुम्हाला करायला लागत नाही, बँकेचे ओटीपी आता तुमच्याआधी दुसरंच कोणी वाचतंय, आणि तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या साडूला, व्याह्याला, सोसायटीच्या चेअरमनला गेलेली आहे, त्यामुळे मानपान न चुकता सगळ्यांपर्यंत पोचतो. लग्नसराई संपली की हेच ॲप आरटीओचं चलन बनून येतं, त्यानंतर पीएम किसानचा हप्ता. मोसम बघून धंदा करतात बिचारे, आपण कापूस की मका ठरवतो तेवढाच विचार करतात.

जाहिरातींकडे या. ह्यात एक समजूत घट्ट धरून ठेवा, ती म्हणजे फोन आपलं बोलणं ऐकतो. बायकोशी फ्रीजविषयी बोललो आणि संध्याकाळी फ्रीजची जाहिरात आली, म्हणजे ऐकलंच. तेव्हा फ्रीजविषयी बोलायचं असेल तर मोबाईल धान्याच्या कोठीत ठेवा आणि मग बोला. लोकेशन मात्र चोवीस तास चालू राहू द्या, पोराने घरातल्याच वायफायवर तीन दिवस फ्रीजच शोधलाय हे विसरा, जळगावला दुकानात जाऊन आलात तेही विसरा, आणि कुकीजची (तुम्ही काय बघता त्याची नोंद ठेवणाऱ्या चिठ्ठ्यांची) पाटी आली की वाचू नका, "सगळं मान्य" हे बटण मोठं आणि रंगीत असतं ते काय उगाच असतं का. नको म्हणायचं बटण आत तिसऱ्या पानावर असतं, तिथवर जायला माणूस रिकामटेकडाच पाहिजे. ऐकायची गरजच पडू नये एवढं आपण न बोलताच सांगून ठेवलेलं असतं, पण कोठीत मोबाईल ठेवल्याने सावध असल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच.

एखादं पान उघडताना जे चाक फिरतं ना, तेवढ्यात तुमचा लिलाव झालेला असतो. पान उघडणारा कोण, कुठला, काल काय शोधत होता, फोन कितीचा, एवढी पाटी बोली लावणाऱ्यांकडे जाते, सेकंदाच्या आत सौदा पटतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुमच्यासमोर येते. रावेरच्या केळीवाल्याला निदान बऱ्हाणपूरचा भाव संध्याकाळपर्यंत कळतो आणि तो व्यापाऱ्याला दोन शब्द सुनावतो तरी, इथं माल आपणच आणि भाव आपल्यालाच माहीत नाही. तरी काळजी नको. गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दुसऱ्या साईटवरच्या ह्या पाळतीच्या कुकीज क्रोममधून दोन वर्षांत काढू. मग पुढे ढकललं, परत ढकललं, आणि जुलै २०२४ मध्ये सांगितलं की राहू देतो. वायदा पाळायची ही पद्धत आपल्याकडे उधारीच्या वहीत बघायला मिळते.

बॅटरीचं ॲपही असंच, म्हणजे टॉर्च. अमेरिकेत एक टॉर्चचं ॲप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं, ते लोकेशन गुपचूप जाहिरातवाल्यांना देत होतं म्हणून २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्याला पकडलं. टीव्हीसुद्धा मागे नाही. विझिओ कंपनीचे टीव्ही लोक काय बघतात ते क्षणाक्षणाला टिपून घेत होते, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटवलं. म्हणून टीव्ही घेताना फक्त इंच बघा. आणि फोन घेताना फक्त कॅमेरा किती मेगापिक्सेल ते. एवढा स्वस्त कसा देतात हे विचारू नका, लॉक उघडायच्या आधीच जाहिरात दिसली की कळेलच.

अपडेटचं काय? नाही टाकायचं. "अपडेट टाकलं की फोन स्लो होतो," ही अनुभवाची वाणी आहे, आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही, जुन्या बॅटरीच्या आयफोनची गती आपणच कमी करतो हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर फिरला, इंग्लंडमधल्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, आणि ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने लोक "नंतर आठवण करा" दाबत होते. तुम्ही पण तेच दाबा. विंडोज १० ला नेहमीची अपडेट मिळायची वेळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आपल्या कित्येक दुकानांतल्या बिलाच्या मशिनी अजून त्याच्यावर आहेत, काही तर ७ वर आहेत, आणि त्यातलं बिलाचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे, क्रॅक करताना अँटिव्हायरस मध्ये येत होता म्हणून तोही बंद करून ठेवलेला आहे. बॅकअप पेनड्राईव्हवर. पेनड्राईव्ह त्याच कॉम्प्युटरला लावलेला.

खान्देशी माणूस भोळा मात्र नाही हां. जळगावच्या सराफ बाजारात तो अंगठी हातात घेतो, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावरचा हॉलमार्कचा नंबर) भिंगातून वाचतो, ॲपवर टाकून बघतो, वर घडणावळीवरून अर्धा तास घासाघीस करतो. तोच माणूस बँकेच्या नावाने आलेल्या लिंकमध्ये एक अक्षर जास्त आहे हे बघत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन असा वेगळा पत्ता घ्यायला लावला, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, म्हणजे शेवटचे दोन शब्द बघितले तरी खरी-खोटी कळेल अशी सोय केली. पण सोन्यासाठी भिंग ठीक आहे, लिंकसाठी कशाला.

फोनवर कोणी वर्दीतला माणूस आला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणाला, तर लगेच घाबरा. जिंदगीत शिरपूरच्या पलीकडे पार्सल पाठवलेलं नसलं तरी घाबरा. दार लावून घ्या, कॅमेरा चालू ठेवा, जेवायलाही त्याची परवानगी घ्या आणि घरात कोणाला सांगू नका, कारण घरातलं कोणीतरी नक्की विचारेल की गावात साधं चोरीचं लिहून घ्यायला पोलीस येत नाहीत, तुमच्यासाठी व्हिडिओ कॉल लावून दोन दिवस कसे काय बसले? कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं, पण त्या रविवारी तुम्ही कापूस वेचायला मजूर शोधत असाल. मध्यंतरी प्रत्येक कॉलच्या आधी सायबरची रेकॉर्ड वाजायची तेव्हा आपण तिला शिव्याच दिल्या. जुनी मोटरसायकल विकायला टाकली आणि "मैं फौजी हूँ, पेमेंट भेजता हूँ" म्हणत कोणी क्यूआर पाठवला तर पिन टाका, पैसे येताना पिन लागतच नाही हे त्या फौजीला कुठं माहीत असतं.

आणि समजा गेलेच पैसे, तर गडबड करायची नाही. १९३० ला फोन लावू नका, तिथं लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, मग सगळी मजाच जाते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा चोरीत तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही असं म्हटलंय, तेव्हा चौथा दिवस उजाडू द्या. तोवर फॅमिली ग्रुपवर विचारा. मोठे जिभाऊ म्हणतील कोणाला सांगू नको, इज्जत जाईल. चुलतभाऊ एका ओळखीच्या हॅकरचा नंबर देईल, तो पैसे परत आणून द्यायची फी ॲडव्हान्स घेतो, ती पाठवा. इंटरनेटवर बँकेचा कस्टमर केअर शोधा आणि सगळ्यात वर जो नंबर येईल, ज्याच्यावर बारीक अक्षरात "जाहिरात" लिहिलेलं असतं, त्यालाच लावा, तो फार प्रेमाने बोलतो आणि स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगतो.

एवढं झालं की फोनच बदला, सगळा दोष त्या फोनचा होता. झिरो डाऊन पेमेंटवर नवीन मिळतो. दुकानातलं पोरगं जुन्याचा डेटा नव्यात टाकून देतो म्हणेल, स्क्रीनचं लॉक विचारेल, मग जीमेलचा पासवर्ड विचारेल, मग म्हणेल, "काका, एक ओटीपी आला असेल बघा." दुकानात गर्दी असते, कूलरचा आवाज असतो, त्याला नीट ऐकू जात नाही. जरा मोठ्याने सांगा.