अल्बमच्या गाण्यात तिला एकही ओळ का नाही? एका कॅमेरामन दादांना उत्तर

नमस्कार दादा,

आपल्याकडच्या अल्बम गाण्यांतल्या मुलींविषयी मी लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लावणीला आम्ही कला म्हणतो आणि डीजेच्या गाण्यावर पोरगी नाचली की नाकं मुरडतो, मुली स्वतःच्या मर्जीने येतात, पैसे घेतात, आणि ज्याला बघवत नाही त्याने बघू नये. तुम्ही स्वतः सातारा-वाई भागात अशी गाणी शूट करता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लावणी. तुमच्या-माझ्या वाईच्या यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री, २०१८ मध्ये गेल्या. त्या बैठकीची लावणी गायच्या. अंगभर नऊवारी असते म्हणून ती लावणी चांगली, असं माझं मुळीच म्हणणं नाही. शृंगार तिच्यात काठोकाठ असतो. पण ओळ बाईच्या तोंडी असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा बदलते. कधी रुसवा, कधी टोमणा, कधी आर्जव. समोर बसलेल्याच्या डोळ्याला डोळा देते. काय दाखवायचं, केव्हा दाखवायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे तिच्या ताब्यात असतं.

आता कास रोडला नाहीतर कृष्णेच्या घाटावर शूट झालेलं कुठलंही गाणं घ्या. शब्द त्याचे, आवाज त्याचा. तिला ओठ हलवायलाही ओळ नसते. तो बुलेटवरून येतो, गॉगल काढतो, अख्खा माणूस फ्रेममध्ये असतो. ती येते ती पैंजणापासून. मग पोटरी, कंबर, पाठ, सगळं स्लो मोशनमध्ये, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. दुसऱ्या कडव्याला तिच्या जागी तोच घागरा घातलेली दुसरी मुलगी उभी केली, तर किती जणांच्या लक्षात येईल? मार्था नुसबॉम या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९९५ मध्ये माणसाची वस्तू कशी केली जाते याची सात लक्षणं मांडली. त्यातलं एक हेच: एकीच्या जागी दुसरी चालते. आणखी एक म्हणजे तिला काय वाटतं हे जमेस न धरणं. घागऱ्याची उंची त्या सातांत कुठेच नाही.

लावणीचं जग बायकांसाठी सुखाचं होतं, असंही मी म्हणत नाही. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच त्यांना वाऱ्यावर सोडलं. त्याची लाज आपण सगळ्यांनी बाळगायला हवी. पण जुन्या अन्यायाचा दाखला देऊन नवा अन्याय माफ होत नाही.

मर्जीचं म्हणाल, तर ती मुलगी नाचायला हो म्हणते. लेन्स कुठे खाली जाणार, कुठला तुकडा तीनदा फिरवणार, थंबनेलला कुठला क्षण गोठवणार, हे तिला कोण विचारतं? एडिटला ती नसते. मानधन एकदाच मिळतं, व्ह्यूजचे पैसे चॅनेलला जातात. गाणं चाललं की गावच्या जत्रेत सत्कार हिरोचा होतो आणि कमेंटमधली घाण तिच्या वाट्याला येते. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

आणि बघायचं नसेल तर बघू नका, हे वरातीत कसं जमायचं? तेच गाणं एसटी स्टँडवर पोरं मोठ्याने लावतात, आणि शाळेच्या गेटवर तीच ओळ येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीकडे बघून म्हणतात. तिने तर कुठलंच मानधन घेतलेलं नसतं.

तुम्ही विचारलंत, मग बंदी घालायची का? नाही. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद केले. गृहमंत्री आपल्या शेजारच्या तासगावचे आर. आर. पाटील होते. कळकळीने केलं असेल, पण पोट बुडालं ते नाचणाऱ्या बायकांचं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ पासून कायदा आहेच. पण पोलिसांनी तुमचं शूटिंग थांबवावं, असं मला अजिबात वाटत नाही.

माझं मागणं तुमच्याकडेच आहे, कारण कॅमेरा तुमच्या हातात आहे. पुढच्या गाण्यात एक कडवं तिला द्या, बाईच्या आवाजात. त्याला उलट उत्तर देणारं असलं तर फारच छान. तिची एंट्री चेहऱ्यापासून घ्या. फायनल एडिट आणि थंबनेल अपलोड करण्याआधी तिला दाखवा, ती नको म्हणाली तो शॉट काढा. गीतकार, संगीतकार, ड्रोनवाला या सगळ्यांची नावं खाली असतात, तिथे तिचंही नाव घाला. अर्थात, तिला चालत असेल तर. असं गाणं केलंत तर लिंक इथेच टाका. मी बघेन, आणि कसं वाटलं ते सविस्तर लिहीन.