नऊ पिना जुळल्या म्हणून पत्रिका जुळत नाही

गेल्या आठवड्यात फोंड्याहून भाच्याचा फोन. "मामा, ट्यूब बदलली तरी खरखर तशीच. उलट आवाजच बसला." घराच्या मागच्या खोलीत तो भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो, दोन चॅनलच्या ट्यूबवाल्या माइक प्रीअँपवर, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबने मोठा करणाऱ्या यंत्रावर. वास्कोच्या सप्ताहाआधी एका मंडळाला चार अभंग हवे होते, त्यामुळे घाई. कुठली ट्यूब घातलीस विचारलं, तर उत्तरादाखल एक फॉरवर्ड आला: 'प्रीअँपमध्ये खरखर? मेकॅनिक नको, घरीच पाच मिनिटांत!' हाच मेसेज मला आधी दोन साउंडवाल्यांनी पाठवला होता आणि मी न वाचता पुसला होता. तेव्हाच वाचायला हवा होता.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. 'मशीन चालू ठेवून एकेक ट्यूब उपटा, खरखर थांबली की तीच खराब. नंतर स्विच बंद करून बिनधास्त हात घाला.'

चालू मशीनमधून ट्यूब काढायची युक्ती गिटार अँप दुरुस्त करणारे वापरतात, हे खरं. पण तिथे बहुतेक वेळा सॉकेट बाहेरून हाताला येतात आणि जिवंत वायरिंग पत्र्याच्या आड असतं. माइक प्रीअँपचं झाकण काढलं की २३० व्होल्टची मेनची टोकं, कपॅसिटर आणि ट्यूब सगळं एकाच ताटात वाढलेलं. शिवाय ट्यूब चालू असताना प्लेटच्या, म्हणजे ट्यूबमधल्या जास्त व्होल्टच्या टोकाच्या, रेझिस्टरमध्ये बरेच व्होल्ट खर्च होतात. ट्यूब उपटली की तो खर्च थांबतो आणि रिकाम्या सॉकेटच्या प्लेट पिनेवर सप्लाय पूर्णच्या पूर्ण येऊन बसतो, नीट बांधलेल्या प्रीअँपमध्ये २५० व्होल्ट सहज. त्या क्षणी हेडफोनमध्ये जो धडाका येतो, तो कानांना वेगळा प्रसाद.

आणि स्विच बंद केला म्हणजे संपलं, हे कोणी सांगितलं? सप्लायचे मोठे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. काही मशीनमध्ये तो सोडवणारा रेझिस्टर असतो, काहींत नसतो, असला तरी निकामी झालेला असू शकतो. प्लग भिंतीतून काढायचा, थांबायचं, मल्टिमीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर बघायचं. व्होल्ट दिसले तर दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनवाल्या क्लिपांनी काही सेकंद लावायचा आणि पुन्हा मोजायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची नाही. जुने रेडिओ मेकॅनिक एक हात पाठीमागे धरून काम करत, ते काही स्टाइल म्हणून नव्हे. भाचा म्हणतो, "मामा, बंद केला होता की मी!" प्लग? तो भिंतीतच.

दुसरा मुद्दा तर विनोदीच आहे. 'नऊ पिना जुळल्या की कुठलीही ट्यूब चालते.' भाच्याने १२एएक्स७ काढून १२एयू७ घातली, कारण दुकानात तीच होती. ट्यूब बनवणाऱ्या आरसीए कंपनीचे जुने डेटाशीट उघडून बघा: २५० व्होल्टवर १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० आणि करंट १.२ मिलिअँपिअर, १२एयू७ चे आकडे १७ आणि १०.५. पिनांची जोडणी तीच, हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) तोच, म्हणून जळलं काही नाही, पण गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कोसळला. मग भाच्याने पुढचा गेन चढवला आणि त्याबरोबर सगळी सूं-सूं वर आणली. मुद्दाम गेन कमी करायला कोणी ही अदलाबदल करतात, तेवढं अर्धं सत्य देऊन टाकतो.

पण 'कुठलीही' या शब्दात ईसीसी८८ नावाची ट्यूब पण आली ना! तिलाही नऊच पिना. तिचा हीटर ६.३ व्होल्टचा, पिना चार आणि पाच, नववी पिन आतल्या शील्डची. सॉकेटला चार-पाचमध्ये १२.६ व्होल्ट येत असतील तर हीटर दुप्पट व्होल्टेजवर तापणार. चार-पाच एकत्र जोडून नवव्या पिनेवर ६.३ दिलेले असतील तर ट्यूब पेटणारच नाही. वर तिच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट.

बाकीचं पटापट. 'पेटते म्हणजे चांगली': पेटतो तो हीटर. ट्यूब पेटूनही मेलेली किंवा मायक्रोफोनिक, म्हणजे धक्का लागला की स्वतःच वाजणारी, असू शकते. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा, स्पीकरमध्ये टण्ण वाजलं तर ओळखा. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला तर हवा शिरली, तिथे विषय संपला. मेसेज लिहिणाऱ्याची ट्यूब मात्र अजून पेटायची आहे. 'दरवर्षी बदला': प्रीअँपची चांगली ट्यूब हजारो तास चालते. 'बोट लागलं की काच फुटते': ते हॅलोजन बल्बचं, कुठलं कुठे चिकटवलंय.

एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध मान्य करतो. पावसाळ्यात पिनांवर थर चढतो, असं मेसेजमध्ये आहे आणि ते बरोबर आहे. आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे सॉकेट काय टिकणार. पण त्याने पुढे पॉलिश पेपर सांगितलाय. पेपरने ओरखडे पडतात आणि बारीक पिना वाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

रविवारी गेलो. प्लग काढून, मोजून, जुनी ट्यूब परत बसवली आणि दोन्ही चॅनलच्या ट्यूब एकमेकींच्या जागी घातल्या. खरखर ट्यूबबरोबर गेली असती तर ट्यूब दोषी. ती गेली नाही, पहिल्याच चॅनलवर राहिली. पुन्हा बंद करून बॅटरीच्या उजेडात सॉकेट बघितलं तर दुसऱ्या भोकातली, म्हणजे ग्रिडची (सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकाची), पकड सैल आणि हिरवट. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून पुसलं, सुईने पकड जरा आवळली, ट्यूब चार-पाच वेळा सरळ आत-बाहेर केली, वरचं काचेचं टोक सांभाळून. खरखर गेली.

मेसेजने मेलेली ठरवलेली ट्यूब आता दुसऱ्या चॅनलवर आहे. चारही अभंगांची पेटी तिच्यावरच रेकॉर्ड झाली.